काही उरलं नाही म्हणजे

आमच्या घरी ‘काही उरलं नाही’ ही दिवसातली सगळ्यात चांगली बातमी असायची. आम्ही नाचणगावचे, भाजीपाला लावणारे. वांगी, मेथी, वालाच्या शेंगा आणि सांभार. पुण्यामुंबईकडं त्याला कोथिंबीर म्हणतात, सांभार म्हटलं की इडलीसोबतचं काहीतरी समजतात. सकाळी पुलगावच्या बाजारात मांडायचं आणि दुपारी परतायचं. आम्ही दिसलो की सासूबाई ओट्यावरूनच विचारायच्या, “उरलं काय वं?” मी टोपलं उपडं करून दाखवायची, “काहीच नाई उरलं, आत्याबाई.” मग चहा गोड व्हायचा. उरलं असलं की मेथीनं मान टाकलेली, सांभार पिवळा पडलेला आणि घरात सगळ्यांची तोंडं तशीच.

मला एक सांगताना दुसरीकडं जायची सवय आहे, पण हे मी मुद्दाम आधी सांगितलं. याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून फोन आला. माझी स्वतःची छातीची गाठ काढून, सलाईनमधून ती औषधं घेऊन, केस जाऊन परत येऊन झाले होते. सहा महिन्यांनी एकदा तपासायला जायचे तेवढंच. तिथं एक बाई आहेत, पेशंटची कागदपत्रं, राहायची सोय, रडणं, भांडण, सगळं बघतात. आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्या म्हणाल्या, “आजी, आमच्या नव्या डॉक्टरांना शिकवायला येता का?”

“काय शिकवू? वांग्याचं रोप लावाले?”

“पेशंटशी बोलायला.”

“काऊन, त्याईले बोलता येत नाई?”

“औषधं सगळी येतात हो. बोलणंच येत नाही.”

मला हसू आलं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. माझ्या पोरी अभ्यासाला बसायच्या तेव्हा त्यांच्या शेजारी भाजी निवडत बसून अक्षरं उचलली मी. मोठीच्या ‘क’वर माझा ‘क’ गिरवला. अन् आता डॉक्टर लोकांची मास्तरीण! मी पोरीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, “जाजो माय. नाई तरी तू फुकटात सगळ्याईले शिकवतच असते.”

असं ते सुरू झालं. महिन्यातून एकदा, दवाखान्याच्या एका खोलीत, दहा-बारा तरुण डॉक्टर. सगळे कॅन्सरचंच शिकणारे. आधी म्हणे ते आपसातच पेशंट-पेशंट खेळायचे. एक डॉक्टर व्हायचा, एक पेशंट. मी पहिल्या दिवशी तसलं एक पाहिलं. पेशंट झालेली पोरगी खुर्चीत अशी बसली होती जशी पाटावर नवरी. डॉक्टर झालेला पोरगा तिला म्हणाला, “तुला कॅन्सर आहे,” तर ती म्हणाली, “थँक्यू, डॉक्टर.” ताईंनी कपाळाला हात लावला. म्हणूनच खरे पेशंट बोलवायचं ठरलं होतं.

माझ्यासोबत सिंदी रेल्वेचे एक शेठ यायचे. पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या व्यापारातलं घर. तोंडाच्या कॅन्सरमध्ये अर्धा जबडा गेलेला, म्हणून एका गालातून बोलायचे, पण बोलायचं काही सोडलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, “बाई, तुमची गाठ काढली डाक्टरनं, जिभेले काऊन सोडलं?”

“तुमचा अर्धा जबडा नेला शेठ, तरी तुमची कुठी थांबली?”

त्यांना एवढं हसू आलं की गाल धरून बसले.

पण शिकवताना शेठ मुद्द्याचं बोलत. म्हणायचे, “माह्या वक्ताले डाक्टर आत मले म्हने, काका, टेन्शन नका घेऊ. मंग पोराले बाहेर नेलं आन दहा मिनिटं बोलून राह्यले. पोरगा आत आला त त्याचं तोंड पाहूनच मी समजलो. बिमारी कोनाले झालती, मले का पोराले?” पोरं लिहून घ्यायची. मीही माझं सांगायची, की कॉम्प्युटरकडं पाहून बोलू नका, उभ्या उभ्या बोलू नका, आमच्यासमोर एकमेकांशी इंग्रजीत बोलू नका, आम्हाला वाटतं मेलोच. पोरं हसायची. मला ते दिवस आवडायचे. डबा घेऊन जायची, कधी वालाची उसळ, कधी मेथीचे मुटके, आणि ताई म्हणायच्या, आजींचा वर्ग म्हणजे अर्धा जेवणाचाच वर्ग.

खरं मनातलं मात्र मी तोवर काही सांगितलं नव्हतं.

मग मागच्या हिवाळ्यातला तो दिवस. त्या दिवशी पाळी होती एका दक्षिणेकडच्या पोरीची. लहानखुरी, चष्मेवाली, मराठी वॉर्डातच शिकलेली. मला म्हणायची, “आजी, तुमचा तब्येत कसा आहे?” मी म्हणायची, तब्येत कशी आहे म्हण, ती म्हणायची, “सॉरी आजी, कशी आहे तुमचा तब्येत?” अशी गोड. पण त्या दिवशी ती हसली नाही. ताईंनी मला हळूच सांगितलं, वर वॉर्डात एक शेतकरी आहेत कारंज्याकडचे, त्यांच्यावर आता औषध चालत नाही. त्यांच्या बायकोला आज दुपारी सांगायचं आहे आणि सांगायचं हिलाच आहे. आधी इथं तुमच्यासोबत करून पाहते म्हणाली. तुम्ही त्यांची बायको व्हा.

मी बसले. ती समोर बसली. हात मांडीवर एकावर एक ठेवले, खाली पाहिलं, आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, “आजी, आता आमच्याकडून करण्यासारखं काही उरलं नाही.”

माझे हात आपोआप जोडले गेले. मी डोळे मिटून म्हणाले, “देव पावला, डाक्टर!”

सगळी खोली खो खो हसली. त्यांना वाटलं आजी गंमत करते. शेठसुद्धा हसले. मी डोळे उघडले तेव्हा ती पोरगी तेवढी हसत नव्हती. “आजी,” ती म्हणाली, “काय झालं?”

“मी गंमत नाई केली पोरी,” मी म्हटलं. “मी अशीच म्हनाली होती.”

अकरा वर्षं झाली त्याला. आमच्या ह्यांना पोटाचा कॅन्सर होता. एका दवाखान्यात दोन-अडीच महिने होतो. तो डॉक्टर काही वाईट नव्हता. घाईत होता, उभ्यानंच बोलला, पण आवाज नरम होता आणि बोलताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. म्हणाला, “आई, आता आमच्याकडून करण्यासारखं काही उरलं नाही. सुट्टी देतो. घरी न्या, आवडेल ते खाऊ द्या.”

एकेक शब्द मला साखरेसारखा लागला हो. काही उरलं नाही, म्हणजे बिमारी उरली नाही, सगळी काढून टाकली, टोपलं रिकामं झालं. सुट्टी काय अशी बिमार माणसाला देतात? आणि आवडेल ते खाऊ द्या, म्हणजे पथ्यही सुटलं. मी हात जोडले, डोळे मिटले, देव पावला म्हटलं. तो डॉक्टर खाली पाहून पुढच्या खाटेकडं गेला. त्याला वाटलं असेल, बाई समजदार आहे, देवावर सोडून मोकळी झाली. त्याला वाटलं मी समजले. मला वाटलं तो बरे झाले म्हणाला. दोघंही खुश.

ह्यांच्यासाठी मी मारुतीला नवस बोलले होते. बरे होऊन घरी आले की मळ्यात रोडग्याचं जेवण देईन. आमच्याकडं नवस फेडायचा म्हणजे रोडगेच. जाड कणकेचे गोळे, त्यात थरावर थर, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे. सोबत वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. दोन-तीनशे माणूस जेवतं. घरी आलो त्याच दिवशी मी कामाला लागले. गोवऱ्या कोणाकडून आणायच्या, कणीक कोण भिजवणार, नणंदेला निरोप, जावयाला निरोप.

हे खाटेवर पडून असायचे. मी समोरून गेले की म्हणायचे, “बस ना वं जराशी.”

“बसाले येळ कुठी आहे? आचाऱ्याले सांगाचं आहे अजून.”

“काय एवढी घाई आहे?”

“देवाले ताटकळत ठेवू काय?”

ते हसायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “बस ना.” मी चालता चालता म्हणायची, “जेवन होऊन जाऊ द्या मारुतीचं, मंग बसतच राहू दोघं जन. दुसरं काय काम आहे आपल्याले?”

पंधराव्या दिवशी जेवण झालं. अशी वांग्याची भाजी मी पुन्हा कधी खाल्ली नाही, लोक अजून नाव काढतात. ह्यांना निंबाखाली खाटेवर टेकवून बसवलं होतं. त्यांनी रोडग्याचा एक तुकडा मोडून वरणात बुडवून ठेवला आणि तसाच राहू दिला. मी सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांच्यावर तडकले. म्हटलं, “डाक्टर म्हनते काहीच उरलं नाई, आन तुम्ही अजून बिमारावानी तोंड करून बसले! खा ना!”

ते म्हणाले, “लोक जेवले ना पोटभर?”

“हाव.”

“झालं मंग.”

त्यानंतर नऊ दिवस. त्यातले चार तर भांडी परत करण्यात आणि पाहुण्यांची बोळवण करण्यात गेले. शेवटी शेवटी ते बोलतच नव्हते.

मला वाटलं दृष्ट लागली. एवढं मोठं जेवण घातलं, कोणाच्या तरी डोळ्यात आलं, बिमारी परत आली. पाच-सहा वर्षं मी तेच धरून बसले होते. मग माझी स्वतःची गाठ निघाली आणि मी या दवाखान्यात आले. एकदा हाताला सलाईन लागलेलं, आणि पडद्यापलीकडं एक डॉक्टर कोणत्या तरी बाईला म्हणाला, आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या. ती बाई म्हणाली, “लय उपकार झाले साहेब.” पडदा बाजूला करून नर्स बाहेर आली. तिचा चेहरा मला दिसला. तिच्या चेहऱ्यावरून मला सहा वर्षांपूर्वीचं वाक्य समजलं. मी त्या बाईला हाक मारणार होते, पण हाताला सुई, बाटली वर टांगलेली, अन् माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. ती पिशवी घेऊन समोरून निघून गेली. खुशीत गेली.

ताईंचा फोन आला तेव्हा मी हो म्हणाले ते या बाईमुळं.

हे सगळं मी त्या दिवशी वर्गात सांगितलं. याच्याहून जास्तच सांगितलं असेल. कोणी लिहून घेत नव्हतं. एका पोरानं विचारलं, “आजी, आजोबांना माहीत होतं का?”

तेच तर. तेच मला रोज वाटतं. बाजारात आम्ही शेजारी शेजारी बसायचो, पण गिऱ्हाईक ओळखायचे ते. कोण घेणार आणि कोण नुसतं वांगं दाबून जाणार हे तोंड पाहून सांगायचे. त्या दिवशी त्यांनी डॉक्टरचं तोंड पाहिलं असेल. मी तर डोळे मिटले होते. मग मला काऊन नाही सांगितलं? इतक्या खुशीत मला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून नसेल सांगितलं. की सांगायलाच ‘बस’ म्हणत होते? मला माहीत नाही. मी बसलेच नाही तर कसं माहीत होणार?

चष्मेवाली पोरगी म्हणाली, “आजी, मग मी कसं सांगू?”

“मले काय माहीत पोरी? मले कोनी सांगतलंच नाई. तूच सांगून पाह्य. मले आयकाचं आहे.”

ती पुन्हा बसली. म्हणाली, “आजी, आजार आता पुढच्या टप्प्यात गेला आहे.”

मी म्हटलं, “टप्पा त एसटीचा असते. टप्पा आला म्हनजे गाव जवळ आलं.”

मग म्हणाली, “आता आपण त्यांना आराम देण्यावर भर देऊ.”

“आराम त बरं झाल्यावर करते मानूस.”

शेठनं मागून आवाज दिला, “अवं पोरी, बरा होनार नाई म्हनतानी तुह्या तोंडाले काय चटका बसते?”

“शेठ, उगे राहा,” मी म्हटलं. “तुमच्यावानी दणका द्यायचा असता त कवाच दिला असता तिनं.”

ती उठली. मला वाटलं रडायला बाहेर जाते. पण तिनं खुर्ची मागं सारली, कोपऱ्यातलं स्टूल आणलं आणि माझ्या इतक्या जवळ ठेवलं की तिचे गुडघे माझ्या लुगड्याला लागले. चष्मा काढून पुसला. आणि म्हणाली, “आजी, वाईट बातमी आहे. आजोबा बरे होणार नाहीत.”

ती थांबली. या वेळी तिनं खाली पाहिलं नाही.

“आमच्याजवळ त्यांचा आजार बरा करणारं औषध नाही. दुखणं कमी करायचं औषध आहे, ते मी देणार. पण ते आता थोडे दिवस आहेत. किती, मला नेमकं नाही माहीत. महिना असेल. कमी पण असेल.”

मला माहीत होतं की हे खोटं आहे, ही पोरगी सराव करून राह्यली आहे, माझा माणूस अकरा वर्षांपूर्वी गेला आहे. तरी ते मला आत्ताच कळल्यासारखं लागलं. आणि खरं सांगू, बरंही वाटलं. अकरा वर्षं त्या वाक्यासाठी थांबले होते, ते कोणीतरी शेवटी माझ्या हातात ठेवलं. जड होतं, पण माझं होतं.

मी विचारलं, “मंग मी काय करू?”

हा प्रश्न मला कोणी शिकवून ठेवला नव्हता. तिलाही उत्तर शिकवलेलं नव्हतं. ती म्हणाली, “मला माहीत नाही, आजी. ते तुम्हाला काय म्हणतात?”

“बस म्हनते.”

तिनं माझा हात धरला आणि तशीच राहिली. ताईंनी घड्याळ पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. शेठ उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.

थोड्या वेळानं मी तिला म्हटलं, “अशीच सांग तिले. आन सांगून झालं की पळू नोको. मी पळाली होती.”

ती म्हणाली, “आजी, तुम्ही वर येता? आत नाही. बाहेर उभं राहा फक्त. मला भीती वाटते.”

“डाक्टर असून?”

“हो.”

मी गेले. जिने चढायला मला वेळ लागतो, ती प्रत्येक वळणावर थांबत होती. वॉर्डाजवळच्या छोट्या खोलीत ती त्या बाईला घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. मी भिंतीला टेकून उभी. आतलं काही ऐकू येत नव्हतं, आणि यायलाही नको होतं. ते त्यांचं होतं. पण माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, की ती बाहेर येताना हात जोडून आली तर? मारुतीचं नाव घेत आली तर? तर या पोरीनं शिकून उपयोग नाही आणि मी शिकवूनही नाही. आणि तिचे दिवसही माझ्या दिवसांसारखे जातील, भांडी घासण्यात.

बराच वेळ लागला. मग दार उघडलं. ती बाई माझ्यापेक्षा लहान असेल, पन्नाशीची, हिरव्या लुगड्यातली. पदर तोंडात दाबलेला. हात जोडलेले नव्हते. मागून डॉक्टर पोरगी आली, तिचा चष्मा हातात होता. बाईनं इकडं तिकडं पाहिलं, आणि तिथं उभी होते म्हणून मलाच विचारलं, “माय, इथी स्टूल भेटन काय? त्याच्याजवळ बसाले काईच नाई.”

नर्सच्या टेबलाशी एक होतं. मीच उचलून दिलं. डॉक्टर पोरगी धरायला आली तर मी म्हटलं, राहू दे.

तिनं ते नवऱ्याच्या खाटेला लावलं आणि बसली. बांधलेलं गाठोडं उशाशी होतं, तिच्या लेकीचा फोन वाजत होता, तिनं तो उपडा घालून ठेवला. नवऱ्यानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं. त्यानं काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली, हो की नाही ते मला समजलं नाही. मग तो बोलू लागला. हळूहळू, थांबून थांबून, आणि ती खाली वाकून त्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत होती.

ताई मला शोधत आल्या. म्हणाल्या, आजी, तुमची बस जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या, दुसरी येईल.

तो काय सांगत होता ते दारापर्यंत पोचत नव्हतं. तरी मी तिथंच उभी राहून ऐकत होते.